बाळ हलले, हे आधी आईला कळते

अभ्यासासाठी वाचन : लूक 1:24-45 व 56; उत्पत्ती 25:21-23; स्तोत्र 139:13-16





या पत्रिकेतील अभ्यासपाठ बहुधा पाळकसाहेब लिहितात. या वेळी विषय गरोदर मातेचा असल्याने तो दवाखान्यातल्या नर्सने लिहावा असे ठरले. सातपुड्यात, धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर आपल्या माता-गटाच्या बैठका भरतात. भिल्ल आणि पावरा भगिनी आपल्या सासवा-जावांसह तिथे येतात. त्यांना आम्ही जो धडा शिकवतो तोच आज तुमच्यापुढे ठेवते. बायबल उघडून ठेवावे, म्हणजे सोबत वाचता येईल.

धडा एका वाक्यात असा : पोटातले बाळ कसे आहे याची पहिली खबर आईला मिळते, आणि ती खबर तिने सांगितली की घराने आणि मंडळीने त्याच दिवशी तिचे ऐकले पाहिजे.

शास्त्रातील दोन माता

लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात अलीशिबा भेटते. ती वयस्कर आहे, तिला मूल नव्हते, म्हणजे उतारवयातली पहिलटकरीण. दिवस गेल्यावर पाच महिने ती लोकांपुढे आली नाही असे 24 व्या वचनात आहे. सहाव्या महिन्यात मरीया डोंगराळ प्रदेशातल्या तिच्या घरी येते, नमस्कार करते, आणि अलीशिबेच्या उदरातले बाळ उडी मारते.

ही वचने मी कितीतरी वर्षे देवाच्या गौरवासाठी वाचत आले, आणि तो त्यांचा मुख्य अर्थ आहेच. पण नर्स म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसते. सहावा महिना लागलेल्या बाईला बाळाचे हलणे नवे नसते. त्या सुमारास ते तिला रोज जाणवत असते. तरी अलीशिबा सांगते की हे हलणे वेगळे होते, यात आनंद होता. आपल्या बाळाचे रोजचे हलणे कोणते आणि आजचे कोणते, हा फरक तिला कळला. घरात तो दुसऱ्या कोणालाही कळणे शक्य नव्हते. जखऱ्या तर त्या वेळी मुकाच होता.

मग मरीयेकडे पाहा. तिचे दिवस नुकतेच भरू लागले होते. स्वतःच्या बाळाची हालचाल जाणवायला तिला अजून बराच अवकाश होता. म्हणजे बाळ हलते म्हणजे काय, हे तिने आधी अलीशिबेच्या तोंडून ऐकले. ती तिथे सुमारे तीन महिने राहिली (वचन 56), म्हणजे अलीशिबेचे दिवस भरत येईपर्यंत. थोरलीने सांगावे, धाकटीने ऐकावे, आणि धाकटीने थोरलीला सोबत करावी, असे ते घर होते.

दुसरी माता रिबका. तिच्या पोटात जुळी होती आणि ती आत झगडत होती. तिला हे साधे वाटले नाही. उत्पत्ती 25:22 सांगते की ती स्वतः उठून परमेश्वराला विचारायला गेली, आणि परमेश्वराने तिला उत्तर दिले. बायकांना असे होतेच, असे म्हणून कोणी तिला परत पाठवले नाही.

भाषेची एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. अलीशिबेच्या बाळासाठी लूकाने जे ग्रीक क्रियापद वापरले, तेच जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात रिबकेच्या बाळांसाठी आहे. तेच क्रियापद लूकाने पुढे 6:23 मध्ये आनंदाने उड्या मारा या अर्थाने घेतले आहे. लूक वैद्य होता हे कलस्सै 4:14 वरून आपल्याला ठाऊक आहे. एका वैद्याने आईच्या पोटातली खूण तिच्याच शब्दांत लिहून ठेवली, याचे मला नेहमी समाधान वाटते.

हालचाल केव्हा जाणवू लागते

आता दवाखान्यातली माहिती. बाळ आत हलायला फार लवकर लागते. सातव्या-आठव्या आठवड्यापासूनची हालचाल सोनोग्राफीत दिसते. पण तेव्हा बाळ दाण्याएवढे असते, म्हणून आईला काही कळत नाही.

आईला पहिली हालचाल साधारण 16 ते 24 आठवड्यांच्या दरम्यान जाणवते. पहिलटकरणीला बहुधा 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे पाचव्या महिन्यात. जिला आधी मूल झाले आहे तिला खूण ओळखता येते, म्हणून तिला चौथ्या महिन्यातही कळते. सुरुवातीचे हलणे इतके हलके असते की अनेकींना तो गॅस वाटतो. आमच्या गटातल्या एकीने सांगितले, "पाण्यात मासोळी वळावी तसं झालं." यापेक्षा चांगले वर्णन मला पुस्तकात मिळालेले नाही.

काहींना उशिरा कळते. वार गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला असली तर ती मधे उशीसारखी येते आणि बाळाच्या ढुशा बाहेर पोहोचत नाहीत. अंग जड असेल तरी उशीर होतो. पुष्कळदा महिने मोजण्यातच चूक झालेली असते. म्हणून एखादीला शेजारणीपेक्षा दोन-तीन आठवडे उशिरा कळले तर घाबरू नये. मात्र 24 आठवडे झाले तरी एकदाही हालचाल जाणवली नसेल तर तपासणी करून घ्यावी.

दिवसभर डोक्यावर हंडा, हातात विळा आणि पाठीला लहान मूल असलेल्या बाईचे लक्ष बाळाकडे जातच नाही. तिला हालचाल कळते ती रात्री अंग टाकल्यावर. त्यात काही बिघाड नाही. बाळही आत झोपते. एका वेळी 20 ते 40 मिनिटे झोपते, दीड तासापेक्षा जास्त सहसा नाही. घरच्यांना वरून हात लावून हालचाल कळते ती आणखी काही आठवड्यांनी, सहाव्या-सातव्या महिन्यात. 28 आठवड्यांपर्यंत बहुतेक बाळांची हलण्याची एक सवय ठरून जाते : कोणी संध्याकाळी जास्त, कोणी जेवणानंतर. ही सवय आईने ओळखून ठेवायची. पुढे तीच उपयोगी पडते.

पहिल्या हालचालीवरून दिवस मोजणे

डोंगरातल्या पुष्कळ भगिनींना पाळीची तारीख सांगता येत नाही. पहिले मूल अंगावर पीत असतानाच पुन्हा दिवस गेले तर पाळी आलेलीच नसते. अशा वेळी आम्ही विचारतो, "बाळ पहिल्यांदा कधी हललं, ताई?" तारीख आठवत नाही, पण होळी, दिवाळी, भाताची लावणी हे आठवते.

जुन्या सुईणी आणि डॉक्टर एक ढोबळ हिशेब वापरत आले आहेत. पहिलटकरणीसाठी पहिल्या हालचालीच्या दिवसापासून पुढे 22 आठवडे मोजायचे, आधी बाळंत झालेलीसाठी 24 आठवडे. समजा होळीच्या सुमारास, मार्चच्या मध्यावर, पहिलटकरणीला बाळ हललेले कळले. 22 आठवडे धरले तर प्रसूती ऑगस्टच्या मध्यावर येते. तेव्हा सातपुड्यात धो धो पाऊस असतो, ओढे-नाले भरलेले असतात, आणि कितीतरी पाड्यांवरून बाईला झोळीत घालून बांबूवरून खाली आणावे लागते. हे मार्चमध्येच कळले तर जुलैअखेर तिला खाली आणायची तयारी करता येते. सोनोग्राफीची तारीख याहून अचूक असते आणि ती लवकर करून घ्यावीच. पण जिथे सोनोग्राफीचे यंत्र दूर आहे तिथे आईची आठवण हीच पहिली नोंद. आम्ही ती तिच्या माता-बाल संरक्षण कार्डाच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो.

हालचाल कमी झाली तर

हा धड्याचा मुख्य भाग आहे. कृपया हळू वाचावा.

28 आठवड्यांनंतर, म्हणजे सातवा महिना लागल्यावर, आईला वाटले की बाळ नेहमीपेक्षा कमी हलते आहे, तर तिने काम थांबवावे, काही खावे-प्यावे आणि डाव्या कुशीवर पडून दोन तास फक्त बाळाकडे लक्ष द्यावे. ढुशी, लाथ, कूस बदलणे, प्रत्येक हालचाल मोजायची. उचकीचे एकसारखे ठोके धरायचे नाहीत. दोन तासांत 10 हालचाली झाल्या नाहीत तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. 10 भरल्या पण तिच्या मनाला हे नेहमीचे वाटत नाही, तरीही जावे. बाळ अजिबातच हलत नसेल, किंवा सोबत रक्त जात असेल, पाणी जात असेल, डोके फार दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर मोजत बसू नये, लगेच निघावे.

कारण असे आहे. बाळाला वारेतून पुरेसे रक्त आणि प्राणवायू मिळेनासा झाला की ते आपली शक्ती राखू लागते आणि हलणे कमी करते. रक्तदाब वाढलेला असेल, रक्त फार कमी असेल, बाळाची वाढ खुंटलेली असेल, तेव्हा असे होण्याची भीती जास्त. आपल्या भागात सिकलसेलचे प्रमाण मोठे असल्याने त्या मातांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. दर वेळी काही गंभीर निघतेच असे नाही. तपासून घरी परत पाठवलेल्या माताच अधिक असतात. पण कोणती कोणत्या प्रकारची, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

मोजणे हा काही जादूचा उपाय नाही, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटन आणि आयर्लंडमधील चार लाखांहून अधिक गरोदरपणांचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. मातांना हालचालीबद्दल शिकवून आणि रुग्णालयांना ठरावीक पद्धत लावून देऊनही पोटात दगावणाऱ्या बाळांची संख्या खात्रीने कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. तिथे बाई सांगते तेव्हा तिला तपासायला कोणीतरी आधीच तयार असते. आपल्याकडे बाई सांगते आणि तीन दिवस निघून जातात. आपले काम ते तीन दिवस वाचवण्याचे आहे.

घरोघरी ऐकू येणारे समज

"नववा महिना लागला की जागा पुरत नाही, बाळ गप्प होतं." हा समज शहरातल्या शिकलेल्या घरांतही आहे, आणि सर्वांत घातक हाच. शेवटी हलण्याची तऱ्हा बदलते, मोठ्या लाथांऐवजी कूस बदलल्यासारखे वाटते. पण हलणे कमी होत नाही. ते प्रसूतीच्या कळा सुरू होईपर्यंत आणि कळांमध्येही चालू राहिले पाहिजे.

"साखरपाणी दे, हलेल." साखरपाणी देऊन लक्ष ठेवायला हरकत नाही. पण ते औषध नाही. त्याच्या भरवशावर रात्र काढू नये.

"ठोके ऐकू आले ना, मग झालं." काही हितचिंतक प्रेमाने विचारतात की ठोके ऐकण्याची छोटी यंत्रे पाड्यापाड्यावर दिली तर? आम्ही नम्रपणे सांगतो की ठोके लागले म्हणजे बाळ त्या क्षणी जिवंत आहे, एवढेच कळते. ते संकटात आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही. कमी हालचालीची तक्रार असलेल्या मातेला पुढची तपासणी लागतेच.

"उजवीकडे हललं, म्हणजे मुलगा." याला काहीही आधार नाही. गर्भाचे लिंग विचारणे आणि सांगणे 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि आपण विश्वासणारे तर स्तोत्र 139 वाचतो. गर्भात घडवणारा हात मुलामुलीत भेद करत नाही.

तिचे कोण ऐकते?

काही वर्षांपूर्वी आठव्या महिन्यातली एक भगिनी दुपारच्या उन्हात चालत आमच्याकडे आली. तिचे तिसरे बाळंतपण होते. आल्या आल्या तिने सांगितले की परवापासून बाळ गप्प आहे. पहिल्या दिवशी तिने सासूला सांगितले. सासू म्हणाली, झोपलं असेल. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सांगितले. त्याला मजुरीचे पैसे आणायला खाली बाजारात जायचे होते. तिसऱ्या दिवशी ती कोणाला न विचारता निघाली. आम्ही ठोके शोधले, ते लागले नाहीत. पुढे सोनोग्राफीतही तेच निघाले. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "मी सांगितलं होतं, बाई."

ती सासू काही दुष्ट नव्हती. तिने स्वतः सात बाळंतपणे घरीच केली होती, आणि तिचेही कधी कोणी ऐकले नव्हते. जे तिला मिळाले तेच तिने पुढे दिले. म्हणून त्यानंतर आम्ही माता-गटाची पद्धत बदलली. आता गरोदर बाईला एकटीला धडा देत नाही. सासू, नवरा, आणि पाड्यावर सुईण असेल तर तीही सोबत बसते. धडा संपला की आम्ही सासूबाईंना विचारतो, "आजी, सून म्हणाली बाळ हलत नाही, तर तुम्ही काय कराल?" उत्तर तोंडपाठ होईपर्यंत विचारतो.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक आजी सुनेचा हात धरून दवाखान्यात आली. "ही म्हणते बाळ कमी हलतं. मला तर काय कळत नाही, पण ही म्हणते," असे ती म्हणाली. सुनेचा रक्तदाब फार वाढला होता. 108 ची गाडी बोलावली, मोठ्या रुग्णालयात त्याच रात्री ऑपरेशन झाले. बाळ दोन किलोलाही भरले नाही, पण रडले. आज ते रांगते आहे. त्या आजीला आकडे येत नाहीत, आठवडे मोजता येत नाहीत. "ही म्हणते" एवढ्यावर तिने डोंगर उतरला.

मला वाटते लूकाच्या पहिल्या अध्यायातले घर यापेक्षा फार निराळे नसेल.

मंडळीने काय करावे

शासनाच्या सोयी आहेत, त्या लोकांपर्यंत पोहोचवणे हे अर्धे काम. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातली प्रसूती, औषधे आणि गाडी मोफत आहे. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' आहे. दूरच्या पाड्यावरच्या बाईने प्रसूतीच्या काही दिवस आधी सोबतीच्या माणसासह तिथे येऊन राहायचे. अंगणवाडीतून अमृत आहार योजनेत एक वेळचा चौरस आहार मिळतो.

बाई तरीही येत नाही, कारण घरी कोंबड्या आणि शेळ्या कोण पाहणार, लहान मुलांना कोण जेवू घालणार, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडेल ती कोण देणार? तुमच्या दानातून आम्ही मुख्यतः हेच भागवतो : सोबतीच्या बाईचे जेवण, परतीचे गाडीभाडे, मागे राहिलेल्या मुलांचा शिधा. यंत्रासारखे हे फोटोत दिसत नाही. पण मरीया तीन महिने अलीशिबेकडे राहिली तेव्हा तिने बहुधा पाणी भरले असेल, दळण दळले असेल. सोबत करणे म्हणजे हेच.

दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. गरोदर बाईही जाते. त्या आधीच्या बैठकीत आम्ही तिचे कार्ड, आशाताईचा फोन नंबर आणि 108 हे तीन तिच्या पदरात बांधून देतो. ज्या भागात ही कुटुंबे पोहोचतात तिथल्या मंडळ्यांनी पडावांवर जाऊन एवढाच प्रश्न विचारला, "ताई, बाळ हलतंय ना?", तरी मोठी सेवा होईल.

आणि हा धडा फक्त डोंगरासाठी नाही. तुमच्या घरातली सून, मुलगी, शेजारीण, रविवारी मागच्या बाकावर बसणारी तरुण भगिनी गरोदर असेल. तिने काही सांगितले तर घड्याळ पाहू नका, आपले जुने अनुभव सांगत बसू नका. चपला घाला आणि तिच्याबरोबर निघा.

विचारासाठी प्रश्न

1. अलीशिबेने आपल्या बाळाच्या हालचालीबद्दल मरीयेला सांगितले. आपल्या घरात गरोदर स्त्री असे मोकळेपणाने कोणाला सांगू शकते?

2. रिबका स्वतः परमेश्वराला विचारायला गेली. आपल्या घरात दवाखान्यात जायचे की नाही हे कोण ठरवते? रात्री तो माणूस घरी नसेल तर?

3. मंडळीतल्या वडीलधाऱ्या भगिनींचा अनुभव तरुण मातांच्या कामी यावा, आणि चुकीचे समज मात्र पुढे जाऊ नयेत, यासाठी आपण काय करू शकतो?

प्रार्थनेसाठी विषय

या पावसाळ्यात ज्यांचे दिवस भरत आहेत त्या सर्व मातांसाठी. झोळी वाहणाऱ्या तरुणांच्या पायांसाठी. आशाताई, अंगणवाडी ताई आणि रुग्णवाहिकेच्या चालकांसाठी. ज्यांचे बाळ हातात आले नाही त्या मातांसाठी, की मंडळीत त्यांना गप्प बसवले जाऊ नये. आणि आपणा सर्वांसाठी, की प्रभूने आपल्याला ऐकणारे कान द्यावेत.

ख्रिस्तसेवेत आपली भगिनी,
दवाखाना विभाग